कंपनीची खरेदी

दिवाळी हा दिव्यांचा सण खरा, पण घरातल्या कर्त्या बाईला विचाराल तर तो आधी खरेदीचा सण आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा वाण्याची यादी, मुलांचे कपडे, भाऊबिजेची ओवाळणी हे सारे उरकले असेल, किंवा उरकले नाही म्हणून घरात थोडी कुरबुर तरी चालू असेल. कापडाच्या दुकानात आपण घासाघीस करतो, दुकानदार शपथा घेतो, आपण उठून पायरी उतरू लागतो आणि तो मागून हाक मारतो. हा खेळ इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यातली मोठी गोष्ट ध्यानात येत नाही. आपण उठून जाऊ शकतो, आणि दुकानदारही 'या भावात परवडत नाही' म्हणून कापडाची घडी घालून ठेवू शकतो. दोघांनाही 'नाही' म्हणता येते, म्हणून त्या व्यवहाराला खरेदी म्हणायचे.

इतिहास वाचताना ही साधी गोष्ट मला वारंवार आठवते ती ईस्ट इंडिया कंपनीमुळे. शाळेच्या पुस्तकांत कंपनी आपल्याला भेटते ती प्लासीच्या रणांगणावर, वसईच्या तहात, शनिवारवाड्यावर चढलेल्या निशाणात. पण ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने जिला सनद दिली ती व्यापाऱ्यांची मंडळी होती, आणि पहिली दीडशे वर्षे तिचे मुख्य काम एकच होते, ते म्हणजे माल विकत घेणे. विकायला तिच्यापाशी फारसे काही नव्हतेच. इंग्लंडची जाड लोकर आपल्या उन्हात कोण पांघरणार? म्हणून तिची जहाजे इकडे येत ती मुख्यतः चांदी भरून, आणि परत जात ती कापड, रेशीम, मिरी, नीळ, सोरा भरून. कंपनीच्या हिशेबनिसांच्या भाषेत या वार्षिक खरेदीला 'इन्व्हेस्टमेंट' म्हणत. भांडवल गुंतवायचे ते मालात, असा त्याचा अर्थ. कंपनीच्या भागीदारांना लंडनमध्ये मिळणारा नफा हुगळीकाठच्या वखारीत कापडाचा भाव ठरताना निम्मा ठरून गेलेला असे. कंपनी जगली ती खरेदीवर. पुढे बिघडली तीही खरेदीतच, आणि हीच कथा मला आज सांगायची आहे.

ही खरेदी चाले कशी ते पाहण्यासारखे आहे. दर वर्षी लंडनहून मागणीची यादी निघे. अमुक इतके गठ्ठे मलमल, अमुक इतके बाफ्ता, इतके रेशीम, लांबी इतकी, पन्हा इतका, गेल्या खेपेचा पोत विरळ होता तो या वेळी दाट हवा, अशा बारीकसारीक सूचना तीत असत. ही यादी घेऊन जहाज आफ्रिकेला वळसा घालून पाचसहा महिन्यांनी, कधी आठ महिन्यांनी इकडे पोचे. मग माल गोळा करायचा, धुवायचा, निवडायचा, बांधायचा आणि हिवाळ्यातल्या अनुकूल वाऱ्यावर जहाज परत लोटायचे. वारा चुकला तर वर्ष बुडाले. लंडनला लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीत या मालाचा लिलाव होई. सतराव्या शतकात मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवून ठेवीत आणि ती विझण्यापूर्वीची शेवटची बोली ग्राह्य धरीत. यादी लिहिल्यापासून पैसा हाती येईपर्यंत साधारण दोन वर्षे जात. तोवर लंडनच्या बायकांची आवड बदलली असेल किंवा युद्ध पेटले असेल, ते कुणी सांगावे! १७०० आणि १७२० साली तर इंग्लंडच्या पार्लमेंटने तिथल्या विणकरांच्या ओरडीमुळे हिंदी चिटांच्या वापरावर बंदीचे कायदे केले. तेव्हा कंपनीला आपला कितीतरी माल युरोपातल्या इतर देशांकडे वळवावा लागला.

आता इकडची बाजू पाहू. कापड काही बाजारात तयार पडलेले नसे. विणकराच्या घरात माग असे, हात असत, पण महिनोन् महिने पुरेल एवढे सूत आणि पोटाला धान्य यासाठी रोख पैसा नसे. सूत कातणाऱ्या बहुतेक बायका, त्यांनाही पैसे रोखच हवेत. म्हणून माल हवा असेल तर आधी पैसे मोजावे लागत. आपण ज्याला विसार किंवा उचल म्हणतो त्यालाच बंगालमध्ये 'दादनी' म्हणत. फारसीतल्या 'दादन' म्हणजे देणे या शब्दावरून ते नाव आले. कंपनी हा पैसा विणकराच्या हाती थेट देत नसे. मध्ये दादनी व्यापारी असे. तो कंपनीशी करार करी, पैसे उचली, आपल्या दलालांमार्फत ते गावोगाव वाटी आणि ठरल्या मुदतीत कापड वखारीत आणून टाकी. वखारीत साहेब मंडळी प्रत्येक ठाण नमुन्याशी ताडून पाहत, प्रत लावीत, हलके निघाले तर भाव कापीत किंवा माल परत करीत.

हा मधला माणूस म्हणजे फुकटची दलाली खाणारा असे वाटण्याचा संभव आहे. कंपनीच्या नोकरांनाही तसेच वाटे. पण त्याचे खरे काम जोखीम उचलण्याचे होते. विणकर मेला, पळाला, पुराने माग वाहून गेला, तरी बुडालेली उचल व्यापाऱ्याच्या अंगावर पडे. कोणत्या गावचा कोण माणूस शब्दाचा पक्का आहे ते त्याला ठाऊक असे. ही माहिती आणि ही जोखीम यांची किंमत म्हणजे त्याचा नफा.

आणि विणकराचे काय? तो श्रीमंत नव्हता. व्यापारी त्याला पिळीत, दलाल त्याच्या उचलीतून आपला हात ओला करून घेत, जुनी बाकी डोक्यावर राही. या जगाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी त्याच्यापाशी एक बळ होते. त्याच्या दाराशी गिऱ्हाइके अनेक होती. इंग्रज, डच, फ्रेंच, आर्मेनियन, गुजराती, उत्तरेकडचे पठाण आणि मोगल व्यापारी असे सारे त्याच कापडाच्या शोधात हिंडत. दक्षिणेत मद्रासच्या बाजूला तर अशी रीत होती की विणकराला करार मोडावासा वाटला तर त्याने उचल परत करावी आणि मोकळे व्हावे. व्यापाऱ्याला मात्र दिलेली उचल मनात येईल तेव्हा मागे घेता येत नसे. फारच जुलूम झाला तर विणकरांचे गावच्या गाव उठून दुसरीकडे वस्तीला जाई. कंपनीच्या दप्तरात विणकरांच्या 'उद्दामपणा'बद्दल जी कुरकुर आढळते ती वाचताना मला गंमत वाटते. विकणारा 'नाही' म्हणू शकतो, याचीच ती तक्रार आहे.

बंगालमध्ये ही घडी विस्कटली, आणि तिला पहिला मोठा धक्का बसला त्यात आपला, मराठ्यांचा, हात होता. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. १७४४ साली अलीवर्दीखान नबाबाने त्यांना भेटीस बोलावून दग्याने मारले. त्यानंतरही स्वाऱ्या चालूच राहिल्या आणि १७५१ साली सालीना १२ लक्ष रुपये चौथ ठरल्यावर त्या थांबल्या. आपण या स्वाऱ्यांकडे चौथाईच्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहतो. बंगाली माणूस कसा पाहतो? गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' रचले, त्यात गावे सोडून पळणाऱ्या सर्व जातींच्या लोकांचे हाल वर्णिले आहेत. बंगाली आया मुलांना निजवताना जे अंगाईगीत म्हणतात त्यात आजही 'बर्गी' येतात. ते आपले बारगीर. भागीरथीच्या पश्चिमेचा जो मुलूख या घोडदळाच्या टापांखाली गेला तोच कापड आणि रेशीम पिकवणारा मुलूख होता. विणकर नदीपार पळाले, उचली बुडाल्या, व्यापारी खंगले. हे सांगताना मराठी लेखणी अडखळते, पण इतिहास सांगायचा तर आपली बाजू तेवढी झाकून कसे चालेल?

१७५३ साली कंपनीने बंगालमध्ये दादनी व्यापाऱ्यांची पद्धत मोडली. व्यापारी दुबळे झाले, मुदती चुकवतात, माल हलका देतात, अशी कारणे तिने दिली. काही संशोधक म्हणतात की कंपनीच्या नोकरांना स्वतःचा खासगी व्यापार वाढवायचा होता आणि मधला स्वतंत्र व्यापारी त्यांच्या डोळ्यांत सलत होता. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. ते काही असो, आता व्यापाऱ्याच्या जागी कंपनीचा पगारी गुमास्ता आला. कागदावर ही सुधारणाच होती. मधला नफा वाचला, माणूस आपल्या हुकमातला झाला. पण व्यापारी स्वतःच्या पैशाने आणि पतीने बांधलेला असे. गुमास्त्याच्या पाठीशी मालकाचे नाव होते आणि स्वतःचे असे त्याचे काहीच पणाला लागलेले नव्हते.

चारच वर्षांनी प्लासी झाली. १७६४ साली बक्सारची लढाई आणि १७६५ साली बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी. गिऱ्हाईक होते ते आता मुलखाचे मालक झाले. याचा परिणाम फार खोल होता. खरेदीसाठी इंग्लंडहून चांदी आणण्याची गरज जवळजवळ संपली. बंगालच्या रयतेकडून सारा वसूल करायचा आणि त्याच पैशाने बंगालचे कापड 'विकत' घेऊन लंडनला धाडायचे, असा क्रम सुरू झाला. ज्याच्या खिशातून पैसा घेतला त्यालाच तो मोजून दाखवायचा आणि त्याचा माल न्यायचा, याला खरेदी म्हणावे का, हे वाचकांनीच ठरवावे.

मीर कासीम नबाबाने १७६२ सालीच कंपनीच्या गव्हर्नराकडे तक्रार केली होती की तुमचे लोक रयतेचा माल चौथाई किमतीत जबरीने उचलतात आणि रुपयाची वस्तू पाच रुपयांना तिच्या गळ्यात मारतात. पुढे १७७२ साली विल्यम बोल्ट्स या कंपनीच्याच एका माजी नोकराने लंडनमध्ये पुस्तक छापून सारे चव्हाट्यावर आणले. गुमास्ता गावात येई, विणकरांना बोलावून घेई, मुचलका लिहून घेई आणि उचलीचे पैसे त्यांच्या हाती कोंबी. पैसे नाकारणाऱ्याच्या कमरेला ते बांधून त्याला फटके मारून हाकलीत. विणकराची संमती घेण्याची गरजच कुणाला वाटत नसे, असे बोल्ट्सने लिहिले आहे. ज्याचे नाव गुमास्त्याच्या वहीत चढले त्याला दुसऱ्या कुणाचे काम करता येत नसे. भाव बाजारापेक्षा निदान शेकडा १५ नी आणि कुठे कुठे शेकडा ४० नी कमी. हा बोल्ट्स काही साधू नव्हता. त्याने स्वतः खासगी व्यापारात भरपूर हात धुऊन घेतले होते आणि कंपनीने १७६८ साली त्याला हिंदुस्थानातून घालवून दिले होते. तेव्हा त्याच्या लिहिण्यात राग आहे हे गृहीत धरले पाहिजे. पण मीर कासीमचा आणि त्याचा सूर जुळतो, ही गोष्ट उरतेच.

इथे एका समजुतीबद्दल बोलले पाहिजे. कंपनीने ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले असे आपण लहानपणापासून ऐकतो. बोल्ट्सने लिहिले आहे ते वेगळे आहे. रेशीम उकलून गुंडाळणाऱ्या कारागिरांनी, हे काम आपल्यावर लादले जाऊ नये म्हणून, स्वतःचेच अंगठे तोडून घेतले, असे तो सांगतो. मला ही हकीकत दंतकथेहून अधिक भयंकर वाटते. ज्या हातांवर पोट चालायचे तेच निकामी करणे, एवढा एकच मार्ग त्या माणसांना 'नाही' म्हणण्यासाठी उरला होता.

यातून कंपनीला तरी काय मिळाले? स्वस्तात माल मिळाला, असे वरवर दिसते. पण गुमास्ता आणि त्याच्यावरचे साहेब आपला वाटा मध्येच काढून घेत, आणि उपाशी विणकर विरळ पोत विणी. माल हलका येतो अशा तक्रारी लंडनहून येतच राहिल्या. १७६९-७० साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. एकतृतीयांश लोक मेले असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली कळवला. आकड्याबद्दल पुढच्या संशोधकांत मतभेद आहेत, हानीच्या भीषणतेबद्दल नाहीत. मेलेल्यांत विणकर आणि सूत कातणाऱ्या बायका होत्या. साऱ्याची वसुली मात्र सक्तीने चालूच होती. आणि एवढे करून ही कंपनी १७७२ साली दिवाळ्याच्या उंबरठ्यावर उभी राहिली. फौजेचा खर्च, भागीदारांना वाटलेला बेसुमार नफा, न खपलेला चहा अशी त्याची कारणे अनेक होती. १७७३ साली इंग्लंडच्या सरकारने तिला १४ लक्ष पौंडांचे कर्ज दिले तेव्हा ती सावरली. फुकटात मिळणाऱ्या मालानेही तिला तारले नाही.

तिने पुढे शहाणपण शिकले का? १७९३ सालच्या कायद्याने विणकराला थोडे संरक्षण दिले, पण कंपनीची उचल घेतल्यावर ती फिटेपर्यंत दुसऱ्यासाठी विणायचे नाही, हे बंधन कायद्यातच बसवले. उलट सुरतेचे उदाहरण पाहा. तिथला किल्ला कंपनीने १७५९ साली घेतला, तरी शहराचा कारभार नबाबाकडे होता आणि पोर्तुगीज, अरब असे इतर खरेदीदार बाजारात होते. म्हणून सुरतेच्या विणकराला कंपनीचा माल मागे ठेवून दुसऱ्याला विकता येई. १८०० साली शहर पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात गेले आणि तिथेही बळजबरी सोपी झाली. कंपनी तीच आणि कापडही तेच. फरक एवढाच की दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे राहण्याची सोय राहिली नाही.

कुणी म्हणेल, इंग्लंडात यंत्रे निघाली, त्यांच्यापुढे हातमाग टिकणार होता थोडाच? हे खरेच आहे. क्रॉम्प्टनच्या यंत्राने १७७९ पासून बारीक सुताचे जग बदलले, आणि १८१३ साली कंपनीचा हिंदुस्थानातल्या व्यापाराचा मक्ता गेल्यावर गिरणीचे कापड इकडे लोटले. पण त्या लाटेला तोंड देण्यासाठी ज्याच्या गाठीला चार पैसे आणि मनात उमेद हवी, त्या कारागिराला आधीच्या अर्धशतकातल्या खरेदीने पोखरून ठेवले होते. १८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापारच बंद केला. खरेदीसाठी जन्मलेली कंपनी राज्य करण्यापुरती उरली.

हे सारे वाचताना मला आपल्याकडचे दोन कागद आठवतात. १६७३ च्या मे महिन्यात शिवछत्रपतींनी चिपळूणच्या तळावरच्या लष्कराला पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याचा दाणागोटा जपून वापरा, पैसा दिला आहे, लागेल ते बाजारातून विकत आणा, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, असा त्याचा आशय आहे. दुसरा कागद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा, १७१५ च्या सुमाराचा. आरमाराला लाकूड हवे, पण रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंब्याफणसाची झाडे तोडू नयेत. एखादे झाड फारच जुने झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे, असे त्यात सांगितले आहे. त्याच आज्ञापत्रात टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, असाही इशारा आहे. पंतांना खरेदीदाराच्या हाती सत्ता आल्यावर काय होते ते प्लासीच्या चाळीस वर्षे आधी दिसत होते. आणि पत्र लिहिणाऱ्या राजाच्याच नावाने लढणाऱ्या फौजांनी सत्तर वर्षांनी बंगालमध्ये ते पत्र पाळले नाही, हेही आपण विसरू नये.

ही गोष्ट दोनअडीचशे वर्षांपूर्वीची म्हणून दप्तरात बांधून ठेवता येत नाही. दसरादिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या सालावर चढते. लहान कारखानदार मोठ्या कंपन्यांना माल देतात आणि पैशांची वाट पाहत बसतात. त्यांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा २००६ साली कायदा करावा लागला, यावरूनच दुखणे किती जुने आहे ते कळते. मोठ्या कंपन्यांत आज खरेदीचे स्वतंत्र खाते असते, हुशार माणसे तिथे भाव पाडण्यात वाकबगार असतात. मालकाला ते हवेच असते. पण ज्याच्याकडून पुढची वीस वर्षे माल घ्यायचा तो माणूस जगला पाहिजे, आणि न परवडणारा भाव त्याला नाकारता आला पाहिजे. त्याने तोंडावर 'नाही' म्हटले तर खरेदीदाराला आज राग येईल, पण आपला भाव कुठे चुकतो आहे हेही त्याच दिवशी कळेल. बंगालच्या विणकराने तसे सांगणे सोडून दिले, तेव्हा कंपनीला ते कळण्याचा मार्ग उरला नव्हता.